हार्नी काउंटीतील सार्वजनिक शाळा

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याच्या आग्नेय भागातील हार्नी काउंटी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) या अतिविरळ वस्तीच्या प्रदेशातील सरकारी शाळांची व्यवस्था. बर्न्स या मुख्य ठाण्यातील शाळा कोणत्याही लहान अमेरिकी गावात असाव्यात तशाच आहेत. या काउंटीची दखल घ्यावी लागते ती दूरवर विखुरलेल्या एकशिक्षकी शाळांमुळे आणि क्रेन येथील निवासी सरकारी हायस्कूलमुळे.

काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे २६,५०० चौ. किमी. आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार ७,४९५. त्यातले २,७३० लोक बर्न्समध्ये आणि १,६४५ लोक त्याला लागूनच असलेल्या हाइन्समध्ये राहतात. उरलेल्या जेमतेम तीन हजारांच्या वाट्याला बाकीचा सगळा मुलूख येतो : सेजब्रश या रानझुडपाची माळराने, स्टीन्स पर्वत, क्षारांनी पांढरे पडलेले सपाट तळ आणि गवताळ खोरी. व्यवसाय मुख्यतः गुरे पाळण्याचा. एका रँचपासून (गुरांच्या मोठ्या मळ्यापासून) दुसरी रँच वीस-पंचवीस किलोमीटरवर असणे इथे नवलाचे नाही.

इतिहास : ही जमीन उत्तर पायूट या मूलनिवासी लोकांची. त्यांच्यासाठी १८७२ मध्ये ठरवून दिलेले मॅलूर राखीव क्षेत्र १८७८ च्या बॅनक युद्धानंतर (बॅनक व पायूट लोकांचा अमेरिकी सैन्याशी झालेला संघर्ष) मोडीत काढण्यात आले आणि लोकांना भर हिवाळ्यात वॉशिंग्टन प्रदेशात (आजच्या वॉशिंग्टन राज्यात) हाकलण्यात आले. परतून आलेल्यांच्या वंशजांना बर्न्सजवळ कायद्याने राखीव जमीन मिळायला १९७२ साल उजाडले. आज त्यांची मुले बर्न्सच्या शाळांत शिकतात.

काउंटीची स्थापना १८८९ ची. १९०९ च्या वाढीव होमस्टेड कायद्याने (वसून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) कोरडवाहू शेतीसाठी ३२० एकर जमीन मिळू लागली, तेव्हा कॅटलो खोऱ्यासारख्या भागात भराभर वस्त्या उठल्या. वस्ती झाली की टपालघर आणि शाळा आलीच. पण तिथल्या पावसावर शेती होणे शक्य नव्हते. दहा-पंधरा वर्षांत बहुतेक कुटुंबे निघून गेली, ब्लिट्झनसारखी गावे ओस पडली आणि शाळाही बंद झाल्या. शाळांची दुसरी मोठी पडझड लाकूड उद्योगाने केली. हाइन्स येथील लाकूड गिरणीवर बर्न्स परिसर अर्धशतक पोसला गेला; १९८० च्या सुमारास या धंद्याला उतरती कळा लागली आणि १९८० मध्ये ८,३१४ असलेली काउंटीची लोकसंख्या १९९० मध्ये ७,०६० वर आली. नोकरीसाठी स्थलांतर करणारे लोक तरुण असतात, म्हणून पटसंख्येला बसणारा फटका लोकसंख्येच्या घटीपेक्षा मोठा असतो.

रचना : अमेरिकेत शाळा चालवते ती स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र स्थानिक संस्था. तिचे निवडून आलेले मंडळ असते आणि तिला मालमत्ता कर लावता येतो. काउंटीच्या हद्दीशी तिची हद्द जुळेलच असे नाही. इतक्या कमी लोकांच्या हार्नी काउंटीत अशा दहाच्या आसपास संस्था नोंदलेल्या आहेत. बर्न्स-हाइन्सची एक मोठी. बाकी क्रेन, डायमंड, ड्रूझी, फ्रेंचग्लेन, पाइन क्रीक, सनटेक्स, साउथ हार्नी, डबल ओ अशा बालवाडी ते आठवीपुरत्या. त्यांतल्या काहींत मुलांची संख्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येते. मुलेच नसली की शाळा काही काळ बंद राहते आणि एखादे कुटुंब राहायला आले की पुन्हा उघडते. मंडळावर बसतात ते शेजारचे रँचवाले, बहुधा विद्यार्थ्यांचे आईबाप किंवा आजीआजोबा. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तज्ज्ञ, हिशेब, तांत्रिक मदत या गोष्टी एकेका शाळेला झेपण्यासारख्या नसतात. त्या हार्नी एज्युकेशन सर्व्हिस डिस्ट्रिक्ट ही संस्था बर्न्समधून पुरवते.

या लहान संस्थांच्या डोक्यावर आठवीनंतरच्या शिक्षणापुरती एक सामाईक संस्था आहे, तिला युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. प्राथमिक आणि माध्यमिक अशी दुहेरी रचना मोडून एकच संस्था करण्याचा आग्रह ओरेगॉनने १९९० च्या दशकात धरला आणि राज्यात बहुतेक ठिकाणी तो तडीसही नेला. इथे जुनी रचनाच टिकली. फ्रेंचग्लेन आणि क्रेन एकाच मंडळाखाली आणून त्यांच्यातला रस्ता काही कमी होणार नव्हता.

एकशिक्षकी शाळा : १९३० च्या सुमारास अमेरिकेत सुमारे दीड लाख एकशिक्षकी शाळा होत्या, आज काही शेकडा उरल्या आहेत. काउंटीच्या दक्षिण टोकाला, नेव्हाडाच्या सीमेजवळ फील्ड्स आहे : एक दुकान-खाणावळ, पेट्रोलपंप आणि साउथ हार्नीची शाळा. बर्न्स तिथून सुमारे १८० किमी. अशा शाळेत एकाच खोलीत पहिलीचे मूल अक्षरे गिरवत असते आणि सातवीचा मुलगा अपूर्णांक सोडवत असतो. शिक्षक एका गटाला शिकवताना दुसऱ्याला लेखी काम देतो, लहानांचे वाचन मोठ्या मुलांकडून करवून घेतो, आणि इतिहास-विज्ञान सगळ्यांना एकत्र शिकवून प्रत्येकाकडून त्याच्या वकुबाप्रमाणे काम करून घेतो. परिसरात भाड्याने घर मिळत नसल्याने शिक्षकाला राहायला शाळेचेच घर देण्याची जुनी पद्धत दुर्गम शाळांत अजून चालू आहे. शिक्षक मिळवणे हीच या शाळांची सर्वांत बिकट अडचण म्हणावी लागेल. पैशाची व्यवस्था राज्य करते; डिसेंबरच्या बर्फात चार कुटुंबांच्या सोबतीने एकट्याने राहायला तयार होणारा माणूस राज्याला देता येत नाही.

क्रेन युनियन हायस्कूल : बर्न्सच्या आग्नेयेला सुमारे ४५ किमी.वर क्रेन आहे. १९१६ मध्ये रेल्वे इथपर्यंत आली आणि आठ वर्षे इथेच थांबली. त्या काळात गुरे चढवण्याचे स्थानक म्हणून गाव भरभराटले. १९२४ मध्ये रूळ बर्न्सला पोचले आणि क्रेन ओसरले. हायस्कूल मात्र राहिले. पटसंख्या शंभराच्या आत असलेली ही शाळा अमेरिकेतल्या मोजक्या निवासी सरकारी शाळांपैकी एक आहे. निवासी शाळा म्हटले की तिथे श्रीमंतांच्या महागड्या खासगी शाळाच डोळ्यांसमोर येतात. क्रेनचे वसतिगृह मात्र निव्वळ अंतरापोटी आहे. शंभर-दीडशे किलोमीटरवरून, त्यातही खडीच्या रस्त्याने, रोज बसने ये-जा करणे अशक्य. म्हणून चौदाव्या वर्षी रँचवरची मुले घर सोडतात, आठवड्याचे दिवस वसतिगृहात काढतात आणि गुरुवारी संध्याकाळी घरी जातात.

गुरुवारी, कारण शाळेचा आठवडा चार दिवसांचा. ओरेगॉनचा नियम शिक्षणाचे तास मोजतो, दिवस मोजत नाही. रोजचा दिवस लांबवला की भागते. शुक्रवार मोकळा राहिल्याने बसचे डिझेल वाचते, दूरच्या डॉक्टरकडे किंवा दंतवैद्याकडे जाता येते आणि वसंतात वासरांना डाग देण्याच्या हंगामात घरी चार हात जास्त मिळतात. सामनेही बहुधा याच सुटीत उरकतात. क्रेन राज्यातील सर्वांत लहान शाळांच्या गटात खेळते आणि प्रतिस्पर्धी असतात मॅलूर काउंटीतील जॉर्डन व्हॅली, एड्रियन अशा गावांचे. ती गावे पुढच्या कालपट्ट्यात असल्याने एकाच राज्यात खेळायला जाताना घड्याळ तासभर पुढे करावे लागते. खेळाला इथे फार महत्त्व आहे, आणि ते केवळ हौसेपोटी नाही : रँचवरच्या मुलांना समवयस्क भेटण्याची दुसरी जागा जवळपास नाही.

अर्थव्यवस्था : काउंटीतील सुमारे तीन चतुर्थांश जमीन केंद्र सरकारची आहे आणि तिच्यावर मालमत्ता कर लागत नाही. भरपाई म्हणून १९०८ पासून राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा रस्ते व शाळांसाठी मिळत असे. लाकूडतोड घटली तसा तो आटला. मग २००० मध्ये ग्रामीण शाळांसाठी वेगळा केंद्रीय कायदा झाला. त्याची मुदत वारंवार संपते आणि काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) मर्जीने वाढते, त्यामुळे या पैशावर विसंबून दीर्घ मुदतीचा बेत आखता येत नाही.

शाळा खऱ्या अर्थाने तगल्या त्या राज्याच्या अनुदानसूत्रामुळे. १९९० मध्ये मतदारांनी मालमत्ता करावर मर्यादा घातल्यावर शाळांच्या खर्चाचा मुख्य भार राज्यावर आला. राज्य प्रतिविद्यार्थी अनुदान देते, पण दुर्गम लहान शाळांसाठी हिशेबात विद्यार्थी वाढवून धरते. जवळची दुसरी प्राथमिक शाळा आठ मैलांहून, म्हणजे सुमारे १३ किमी.हून दूर असणे ही त्यासाठीची एक अट. ही तरतूद नसती तर पाच मुलांची शाळा एका वर्षातच कर्जात बुडाली असती.

याच सूत्राने एक चमत्कारिक प्रकारही घडवला आहे. फ्रेंचग्लेन ही डझन-दोन डझन लोकांची वाडी; तिच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या छत्राखाली सिल्व्हीज रिव्हर चार्टर स्कूल ही ऑनलाइन शाळा चालते (चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र व्यवस्थापनाने चालणारी शाळा) आणि तिचे विद्यार्थी राज्यभर पसरलेले आहेत. चार्टर शाळेसाठी आलेल्या अनुदानातील ठरावीक हिस्सा मूळ डिस्ट्रिक्टला ठेवता येतो. त्यामुळे राज्याच्या तक्त्यात फ्रेंचग्लेनसमोर मुलांचा मोठा आकडा दिसला, तर तो त्या एका खोलीतल्या शाळेचा समजू नये.