अठरा संघ, एक लीग: १९६५ च्या ब्रिटिश स्पीडवे मोसमाची पार्श्वभूमी

१९६४ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधले बारा स्पीडवे ट्रॅक, म्हणजे मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींचे ट्रॅक, परवान्याशिवाय चालू होते. न्यूकॅसल, एडिंबरो, पूल, एक्सेटर, हॅकनी, शेफील्ड... दर आठवड्याला ठरलेल्या वारी फाटक उघडायचं, लोक रांगा लावून आत यायचे, शर्यती व्हायच्या आणि लीगचा तक्ता पुढे सरकायचा. खेळाच्या नियामक मंडळाच्या दप्तरी मात्र यातलं काहीच घडत नव्हतं. या ट्रॅकवरच्या रायडरांना जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरायला बंदी होती. आणि पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, वाळीत टाकलेले आणि वाळीत टाकणारे एकाच तक्त्यात आले. ब्रिटिश लीग नावाच्या त्या पहिल्या मोसमाचं मोल कळायला हवं असेल, तर आधी हे भांडण समजून घ्यावं लागतं.

खेळ तसा समजायला सोपा आहे. लंबगोल ट्रॅक, त्यावर भुगा केलेल्या दगडमातीचा सैल थर, चार मोटारसायकली, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. गाडी पाचशे सीसीची, एका सिलिंडरची, एकाच गिअरची. तिला ब्रेक नसतो. वळणावर मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरू द्यायचं, पुढचं चाक उलट बाजूला वळवायचं आणि डाव्या बुटाखाली बांधलेला पोलादी तळ मातीवर टेकवत वळण काढायचं. वेग आवरायचा तो मनगटाने आणि अंगाच्या तोलाने. एक शर्यत मिनिटभरात, फार तर सव्वा मिनिटात संपते. तिला ‘हीट’ म्हणतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही. दोन रायडर यजमान संघाचे, दोन पाहुण्यांचे. त्या काळी लीगचा सामना तेरा हीटचा असायचा, म्हणजे वाटायला एकूण अठ्ठ्याहत्तर गुण. चाळीस झाले की सामना खिशात.

सांघिक म्हणतात ते इथेच. आपला जोडीदार मागे पडला असेल तर पुढचा रायडर आतली वाट सोडून बाहेरून येणाऱ्याला अडवतो, जोडीदाराला आत घेतो, आणि ५-१ अशी हीट घरी येते. प्रेक्षक हे सगळं हातातल्या प्रोग्रॅमच्या चौकटींत पेनाने भरत असतो: कोण कितवा आला, वेळ किती लागली, बेरीज किती झाली. दोन हीटच्या मधे ट्रॅक समतल केला जात असतो, तेवढ्यात हे लिहून घ्यायचं. हवेत मिथेनॉलचा आणि जळलेल्या एरंडेल तेलाचा वास. ज्यांनी लहानपणी तो घेतला, ते म्हातारपणीही त्याच वासाची आठवण आधी काढतात.

ब्रिटनमध्ये हा खेळ आला ऑस्ट्रेलियाहून. १९२३ च्या डिसेंबरात न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंडच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर, जॉनी हॉस्किन्स नावाच्या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या उत्साही माणसाने अशा शर्यती भरवल्या. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळ एपिंगच्या जंगलात, हाय बीच इथे, एका पबच्या मागच्या ट्रॅकवर शर्यतींचा मोठा मेळावा भरला. आयोजकांना काही हजार माणसं येतील असं वाटलं होतं. आली त्याच्या कितीतरी पट. माणसं झाडांवर चढून बसली होती. वर्षभरात देशभर ट्रॅक उभे राहिले आणि १९२९ मध्ये लीग सुरू झाल्या, एक दक्षिणेची, एक उत्तरेची. १९३२ मध्ये नॅशनल लीग आली आणि ती वेम्ब्लीच्या संघाने जिंकली. १९३६ मध्ये पहिलं जागतिक अजिंक्यपदही वेम्ब्लीलाच झालं. ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग त्याचा पहिला मानकरी.

युद्धानंतरची काही वर्षं या खेळाने जे पाहिलं, ते नंतर कधी पाहिलं नाही. रेशनिंगच्या दिवसांत करमणुकीला भुकेलेला कामगारवर्ग गुरुवारी वेम्ब्लीला लोटायचा, पन्नास हजारांच्या आसपास. पण याच गर्दीवर करमणूक कराचा बोजा होता. फुटबॉल-क्रिकेटला सवलत मिळाली तरी स्पीडवेच्या तिकिटाचा जवळपास निम्मा हिस्सा सरकारजमा होत राहिला. त्यात घरोघरी टीव्ही आला. एकेक ट्रॅक मिटत गेला. लंडनच्या पूर्वेला कस्टम हाउस भागात वेस्ट हॅमचं प्रचंड स्टेडियम होतं, तिथला स्पीडवे १९५५ नंतर थांबला. १९५७ च्या सुरुवातीला वेम्ब्ली स्टेडियमचे सर्वेसर्वा सर आर्थर एल्व्हिन वारले. स्पीडवेवर त्यांचा जीव होता. ते गेले आणि मोसम तोंडावर असताना वेम्ब्लीने लीगमधून अंग काढून घेतलं. खेळाची राजधानीच गेली म्हणायची. दशक संपताना नॅशनल लीगमध्ये जेमतेम नऊ संघ उरले होते.

खेळ वाचला तो लहान गावांमुळे, असं माझं ठाम मत आहे. १९६० मध्ये काही प्रमोटरांनी, म्हणजे ट्रॅक चालवून शर्यती भरवणाऱ्यांनी, बंद पडलेले ट्रॅक पुन्हा झाडून-पुसून उघडले आणि प्रॉव्हिन्शियल लीग सुरू केली. माइक पार्कर, रेज फिअरमन ही त्यातली ठळक नावं. पहिल्या वर्षी दहा संघ: रेली, पूल, ब्रिस्टल, शेफील्ड, एडिंबरो, स्टोक, लिव्हरपूल, क्रॅडली हीथ, यार्मथ, ब्रॅडफर्ड. रेलीने ती जिंकली. यातले काही संघ टिकले नाहीत, पण त्यांची जागा घ्यायला दुसरे आले. मोठ्या लीगमधून बाहेर फेकलेले, वय झालेले, किंवा अजून कुणी न पाहिलेले रायडर इथे पोट भरू लागले. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा आयव्हन मॉजर हा त्यातलाच. सतराव्या-अठराव्या वर्षी विम्बल्डनला येऊन तो जम न बसता परत गेला होता. १९६३ मध्ये पुन्हा आला तो न्यूकॅसलकडे. प्रॉव्हिन्शियल लीगच्या रायडरांचं अजिंक्यपद त्याने त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी घेतलं.

ठिणगी पडली ती १९६३-६४ च्या हिवाळ्यात. साउदॅम्प्टनचा ट्रॅक बंद झाला, त्याच्या जागी वेस्ट हॅमचं स्टेडियम पुन्हा उघडायचं ठरलं, तरी नॅशनल लीग सात संघांवरच अडली. स्पीडवे कंट्रोल बोर्डाने, म्हणजे खेळाच्या नियामक मंडळाने, फर्मान काढलं की, प्रॉव्हिन्शियल लीगचा विजेता वुल्व्हरहॅम्प्टन संघ आता वरच्या लीगमध्ये जाईल. वरवर पाहता हा मान होता. पण मोठ्या लीगचे पैसे मोठे, खर्च मोठा, आणि आपली चालती लीग सोडून डळमळणाऱ्या लीगमध्ये जायचं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या प्रमोटरांनी नकार दिला आणि बाकीचे प्रॉव्हिन्शियल ट्रॅक त्यांच्यामागे उभे राहिले. बोर्डाने परवाने रोखले. यांनी परवान्याशिवाय मोसम सुरू केला. इंग्रजीत त्याला ‘ब्लॅक’ ट्रॅक म्हणत.

रायडरांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. अशा ट्रॅकवर एकदा गाडी चढवली की जागतिक स्पर्धेचा रस्ता बंद. मॉजर तेव्हा ऐन भरात होता, तरी १९६४ च्या जागतिक स्पर्धेत त्याला भाग घेता आला नाही. त्या वर्षीचा जगज्जेता ठरला त्याचाच देशबंधू बॅरी ब्रिग्ज, नॅशनल लीगमधल्या स्विंडनचा रायडर. नॅशनल लीग ऑक्सफर्डने जिंकली, प्रॉव्हिन्शियल लीग न्यूकॅसलने. दोन राजे आणि एकही सामना नाही. प्रेक्षकांना ठाऊकच नव्हतं की यातला खरा थोर कोण.

शेवटी रॉयल ऑटोमोबाइल क्लबने चौकशी नेमली. अध्यक्ष कोण, तर लॉर्ड शॉक्रॉस. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी नेत्यांविरुद्ध ब्रिटनच्या बाजूने मुख्य सरकारी वकील म्हणून उभा राहिलेला हा माणूस आता मोटारसायकल शर्यतींच्या प्रमोटरांचं म्हणणं ऐकून घेत होता. मला यात खेळाचा गौरवच दिसतो. कुणीतरी हा वाद मोठ्या माणसाच्या हाती देण्याइतका गंभीर मानला. निष्कर्ष असा निघाला की दोन लीगचा संसार चालणार नाही, एक लीग करा. कंट्रोल बोर्डाच्या रचनेत बदल झाला, प्रमोटरांची एकच संघटना उभी राहिली आणि १९६५ साठी ब्रिटिश लीग जाहीर झाली.

जुळवाजुळव अशी झाली. नॅशनल लीगच्या सातांपैकी नॉरिच गेलं. त्यांचं फर्स स्टेडियम घरबांधणीसाठी विकलं गेलं होतं. उरले बेल व्ह्यू, कॉव्हेंट्री, ऑक्सफर्ड, स्विंडन, वेस्ट हॅम आणि विम्बल्डन. प्रॉव्हिन्शियलकडून क्रॅडली हीथ, एडिंबरो, एक्सेटर, ग्लासगो, हॅकनी, लाँग ईटन, न्यूकॅसल, न्यूपोर्ट, पूल, शेफील्ड आणि वुल्व्हरहॅम्प्टन. बारावा मिडल्सब्रो, पण फिअरमन यांनी तो संघ उचलून हॅलिफॅक्सच्या ‘शे’ नावाच्या मैदानावर नेला. सहा आणि बारा, अठरा. आकडाच सांगतो की बंडखोर दुपटीने होते.

प्रत्येक संघाला चौतीस सामने, सतरा घरी, सतरा बाहेर. सगळी लीग मिळून तीनशे सहा सामने, आणि तेरा हीटच्या हिशेबाने चार हजाराला बावीसच हीट कमी. एक्सेटरच्या संघाला एडिंबरोला जायचं तर सातशेक किलोमीटर, तेही बहुतेक जुन्या रस्त्यांनी, गाडीच्या मागे मोटारसायकल बांधून. रायडरला पैसे मिळायचे ते सुरू केलेल्या हीटचे आणि मिळवलेल्या गुणांचे. पडलास तर खिसा रिकामा आणि सकाळी दुसऱ्या गावी पोचायचं. पूलचा वार बुधवार, हॅकनीचा शुक्रवार, कॉव्हेंट्रीचा शनिवार, त्यामुळे आठवडा कसा फिरायचा हे पाठ असे.

शिवाय प्रत्येक ट्रॅकचा स्वभाव निराळा. एक्सेटरच्या काउंटी ग्राउंडचा ट्रॅक लांबलचक, वेगवान, आणि भोवती पोलादी पत्र्याचं कुंपण. तिथे चूक केली तर पत्रा माफ करत नसे. हॅलिफॅक्सची वळणं बाहेरच्या अंगाला चढत गेलेली. मोठ्या लीगच्या नामांकित रायडरांना हे ट्रॅक नवे होते आणि यजमानांना त्यांचा खडा न् खडा माहीत होता. पहिल्याच मोसमात कळून चुकलं की, ज्यांना दुय्यम म्हणून हिणवलं ते घरच्या मैदानावर कुणालाही पाणी पाजू शकतात.

यंत्रंही त्याच सुमाराला बदलत होती. तीसच्या दशकापासून स्पीडवे म्हणजे लंडनच्या टॉटनहॅममध्ये बनणारं जॅप इंजिन, असं समीकरण होतं. साठीच्या दशकात चेकोस्लोव्हाकियातली एसो गाडी आली, पुढे ती जावा नावाने ओळखली जाऊ लागली. ब्रिग्जने तिचा ब्रिटनमध्ये पाया घातला. जॅपवर वाढलेले मेकॅनिक तिच्याकडे सुरुवातीला संशयाने पाहत, पण दशक संपता संपता पिट्समध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागी, जॅप शोधावं लागू लागलं.

त्या पहिल्या मोसमाचा विजेता वेस्ट हॅम. आठ मोसम स्पीडवेविना पडलेल्या कस्टम हाउसला दर मंगळवारी पुन्हा गर्दी होऊ लागली होती. १९६४ मध्ये त्यांच्याकडे स्वीडनचा ब्यॉर्न क्नूटसन होता. १९६५ मध्ये तो संघात नव्हता, आणि त्याच वर्षी वेम्ब्लीला तो जगज्जेता झाला, रशियाचा इगोर प्लेखानोव दुसरा, ओव्हे फुंडिन तिसरा. तरी वेस्ट हॅमचं अडलं नाही. कर्णधार केन मकिन्ले, स्कॉटलंडचा, वाऱ्यासारखा म्हणून ‘हरि-केन’ (इंग्रजी ‘हरिकेन’, चक्रीवादळ, त्यावरून) या नावाने लाडका. सोबत नॉर्वेचा स्वेर्रे हार्फेल्ट, नॉर्मन हंटर आणि तरुण माल्कम सिमन्स. एकट्या ताऱ्यावर चालणारा संघ हा नव्हता. पहिल्या दोन-तीन रायडरांनी हात टेकले तरी खालचे गुण आणायचे. लीग, नॉकआउट कप आणि लंडन कप, तिन्ही त्यांनी एकाच वर्षी घेतले. लीगमधल्या सर्वोत्तम रायडरांची स्वतंत्र अजिंक्यपद शर्यत बेल व्ह्यूला झाली, ती ब्रिग्जने जिंकली, आणि पुढची पाच वर्षंही तीच जिंकत राहिला.

वेस्ट हॅम जुन्या मोठ्या घराण्यातला संघ, म्हणून वाटेल की थोरलेच श्रेष्ठ ठरले. दुसऱ्या वर्षीचा निकाल पाहावा. १९६६ ची ब्रिटिश लीग जिंकली हॅलिफॅक्सने, म्हणजे मिडल्सब्रोहून आलेल्या त्या प्रॉव्हिन्शियल बिऱ्हाडाने. एरिक बूथरॉइड आणि एरिक बूकॉक त्याच बिऱ्हाडातले. न्यूकॅसलच्या मॉजरला जागतिक स्पर्धेचं दार उघडलं आणि १९६८ मध्ये तो जगज्जेता झाला. पुढे त्याची अशी सहा जगज्जेतेपदं झाली. बंदी आणखी चारपाच वर्षं चालली असती तर त्यातली किती हुकली असती, हा विचार अस्वस्थ करतो.

१९६८ मध्ये याच लीगचा दुसरा विभाग निघाला, दहा संघांचा. रेडिंग, वेमथ, बेरिक, कँटरबरी ही नावं तक्त्यात आली. मिडल्सब्रोही परत आलं. या वेळी खालच्या विभागाला कुणी काळ्या यादीत टाकलं नाही.

वेस्ट हॅमचं पुढे चांगलं झालं नाही. १४ जुलै १९७० रोजी बेल्जियममधल्या लोकेरेनजवळ संघाच्या दौऱ्यावरच्या मिनीबसला अपघात झाला. व्यवस्थापक फिल बिशप आणि चार रायडर त्यात गेले. १९७२ मध्ये स्टेडियम पाडून तिथे घरं बांधली. त्या वस्तीतल्या रस्त्यांना स्पीडवेच्या माणसांची नावं आहेत: एक हॉस्किन्स क्लोज, वेस्ट मेटलंडच्या त्या जॉनी हॉस्किन्सच्या नावाचा, आणि जवळच क्रूम्ब्ज रोड, युद्धापूर्वीच्या वेस्ट हॅमच्या टॉमी क्रूम्ब्जच्या नावाचा.