हुर्यो उडवणारे कोण होते?

वेगळ्या वाटेचा, छोट्या भांडवलावर काढलेला चित्रपट आला की प्रेक्षकांत दोन तट पडतात. पाठोपाठ ठरलेलं स्पष्टीकरणही येतं : जाणकारांना भावला, सामान्यांच्या डोक्यावरून गेला. जुनी उदाहरणं तपासली तर हे स्पष्टीकरण लंगडं पडतं. भांडणं आधी जाणकारांच्याच घरात झाली होती.

मे १९६०, फ्रान्समधला कान चित्रपट महोत्सव. इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनींचा 'लाव्हेंतुरा' पडद्यावर होता. सफरीवर आलेली एक तरुणी बेटावरून नाहीशी होते, शोधाशोध होते आणि मग हळूहळू चित्रपटच तिला विसरून जातो. ती सापडत नाही, तिचं काय झालं तेही कळत नाही. लांबलेल्या दृश्यांच्या वेळी सभागृहातून 'कट! कट!' अशा आरोळ्या आल्या, गंभीर प्रसंगांना लोक हसले. दिग्दर्शक आणि नायिका मोनिका व्हिट्टी उठून बाहेर पडले. कानच्या त्या खेळाला वाट चुकलेला प्रेक्षक येत नाही. हुर्यो उडवणारे चित्रपटसृष्टीत वावरणारेच होते. दुसऱ्या दिवशी रोझेलिनींसह अनेक दिग्दर्शक-समीक्षकांनी पाठिंब्याचं पत्रक काढलं, तेही त्याच वर्तुळातले. चित्रपटाला ज्युरी पारितोषिक मिळालं आणि १९६२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या समीक्षक-मतचाचणीत तो 'सिटिझन केन'च्या खालोखाल दुसरा आला.

अमेरिकेतलं प्रकरण याहून गमतीचं. दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीस यांनी १९५७ साली रेडिओवरून श्रोत्यांनाच पैसे पाठवण्याचं आवाहन केलं आणि त्यातून 'शॅडोज' या चित्रपटाला सुरुवात झाली. १९५८च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये पहिली आवृत्ती दाखवल्यावर ते स्वतःच नाखूश झाले. पुढच्या वर्षी त्यांनी बराच भाग नव्याने चित्रित केला. पहिल्या आवृत्तीवर फिदा असलेले समीक्षक जोनास मेकास दुसरीवर तुटून पडले, ही तडजोड आहे म्हणाले. कॅसाव्हेटीस यांच्या मते मात्र पहिलीत तंत्राची हौस होती, माणसं दुसरीत आली. म्हणजे इथे एकाच चित्रपटाचे दोन अवतार आणि तट पडले ते दिग्दर्शक व त्याच्या सर्वांत कट्टर चाहत्यात!

शांताल आकेरमान यांचा 'जान दिएलमान' १९७५चा. दिग्दर्शिका पंचविशीत, लांबी २०१ मिनिटं. ब्रसेल्समधली एक विधवा बटाटे सोलते, अंथरूण आवरते, मुलाला जेवू घालते आणि पोटापाण्यासाठी घरी गिऱ्हाईक घेते. दुसऱ्या दिवशी बटाटे करपतात आणि ज्याने तोवर धीर धरलेला असतो त्याच्या पोटात गोळा येतो. कानमधल्या खेळाला बाहेर पडणाऱ्यांच्या खुर्च्यांचे आवाज आपण ऐकत बसलो होतो, असं आकेरमान सांगत. २०२२ साली 'साइट अँड साउंड'च्या यादीत हाच चित्रपट पहिला आला आणि वाद नव्याने पेटला. दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी या झेपेवर जाहीर नाराजी व्यक्त केली. ४७ वर्षं झाली तरी भांडण मिटलं नव्हतं.

माझ्या मते भांडणाचं मूळ बुद्धीत कमी, वायद्यात जास्त आहे. बेपत्ता मुलगी दाखवली की शोध पुरा करण्याचा वायदा झाला, असं प्रेक्षक धरून चालतो. महोत्सवात हा वायदा निदान अस्पष्ट असतो. चित्रपट नेहमीच्या थिएटरांत जातो तेव्हा ट्रेलर तो ठसठशीत करून टाकतो.

याची मोजदाद सिनेमास्कोअर ही अमेरिकी पाहणी संस्था करते. पहिल्याच रात्री आलेल्या प्रेक्षकांकडून ती कार्डावर ए (उत्तम) ते एफ (नापास) असा शेरा घेते. पहिल्या रात्री येणारा तर सर्वांत उत्सुक असतो, म्हणून खालचा शेरा बहुधा अपेक्षाभंगाचा असतो. २०१२चा 'किलिंग देम सॉफ्टली' कानच्या मुख्य स्पर्धेत होता. थिएटरांत ब्रॅड पिटच्या नावावर गुंडपट समजून आलेल्यांनी त्याला थेट एफ दिला. किती समीक्षकांना चित्रपट आवडला एवढंच मोजणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी याबाबतीत आणखी आंधळी : निम्म्यांनी डोक्यावर घेतलेला, निम्म्यांनी धुडकावलेला चित्रपट आणि निम्म्यांना जेमतेम बरा, निम्म्यांना किंचित कमी वाटलेला चित्रपट तिथे सारखेच ५० टक्के.

२०११ साली 'ड्राइव्ह' या चित्रपटाला कानमध्ये सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगनमधल्या एका बाईंनी वितरकांवर दावा ठोकला. ट्रेलर पाहून गाड्यांच्या पाठलागाचा सिनेमा समजून त्या गेल्या होत्या आणि त्यात गाडी फारच कमी चालवली आहे, अशी त्यांची तक्रार होती.