आखातात निघालात? तिथल्या कार्डाचं आधी समजून घ्या

गुहागर-दापोलीपासून लांजा-राजापूरपर्यंतची माणसं व्हिसाच्या कागदांसाठी आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात येतात. तिकीट, मेडिकल, पगार, सगळं विचारून होतं. तिथं राहायला लागणाऱ्या ओळखपत्राचं मात्र क्वचितच कोणी विचारतं.

आपलं आधार आपल्या देशापुरतं. दुबईत पोलिसानं कार्ड मागितलं आणि तुम्ही आधार पुढे केलंत, तर त्याचा काडीचा उपयोग नाही. आखाती देशांत ओळखपत्र तिथल्या नागरिकालाही सक्तीचं आणि कामाला आलेल्या परदेशी माणसालाही.

अमिरातीत ते एमिरेट्स आयडी. नंबर १५ आकडी, सुरुवात ७८४. २०२२ पासून पासपोर्टवर निवासी व्हिसाचा स्टिकर लावणं बंद झालं, म्हणजे तिथं राहत असल्याचा पुरावा आता हे कार्डच. सौदीत इकामा, त्याचा नंबर २ ने सुरू होतो, सौदी नागरिकाचा १ ने. कुवेतमध्ये १२ आकडी सिव्हिल आयडी, आपली माणसं त्याला 'बताका' म्हणतात. कतारच्या ११ आकडी नंबरात जन्मसाल असतं आणि देशाचा क्रमांकही, भारताचा ३५६.

कार्ड खोलीवर ठेवू नका, खिशात असू द्या. आणि तुमचा पासपोर्ट नोकरी देणाऱ्या मालकानं स्वतःकडे ठेवून घेणं अमिरातीत आणि कतारमध्ये कायद्याला धरून नाही. 'सगळेच देतात' म्हणून देऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. पासपोर्टवर जे नाव, तेच कार्डावर येतं. काही जुन्या पासपोर्टांत नुसतं नाव असतं, आडनावाचा रकाना कोरा. अमिरातीच्या व्हिजिट व्हिसाला २०२२ च्या नोव्हेंबरपासून अशा पासपोर्टांची अडचण होते. एका अक्षराचा फरक असला तरी दुरुस्ती इथूनच करून जा. तिकडे गेल्यावर ती महाग पडते आणि वेळखाऊही.

गणपतीला येऊन शिमगा करूनच परतायचा बेत असेल, तर तारखा मोजा. अमिरात आणि कुवेतबाहेर सहा महिन्यांहून जास्त राहिलात, तर साधारणपणे तिथला निवासी परवाना रद्द होतो. मग हातातल्या कार्डाला अर्थ उरत नाही.

मुलं लंडन-अमेरिकेत असणारे विचारतात, तिकडे कुठलं कार्ड लागतं? ब्रिटनमध्ये राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. २००६ चा कायदा २०१० मध्ये रद्द केला. अमेरिकेतही नागरिकांना नाही, पण ग्रीन कार्डवाल्या १८ वर्षांवरच्या माणसानं ते जवळ बाळगायचं असतं. जर्मनीत १६ पूर्ण झालेल्या नागरिकाकडे ओळखपत्र किंवा पासपोर्ट हवाच, सतत जवळ बाळगायची सक्ती मात्र नाही. नेपाळच्या सहलीला पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र घ्या, आधारवर विसंबू नका.

जहाजावर जाणाऱ्यांच्या सीडीसीचं, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेचं, काम आम्ही करत नाही.

येताना मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, आणि आधी आखातात होता असाल तर जुनं कार्ड आणा, मुदत संपलेलं असलं तरी. कार्ड देणं हे त्या त्या सरकारचं काम; आम्ही कागद तपासतो आणि अर्ज भरून देतो. 'चार दिवसांत इकामा' असं सांगून कोणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका.