अॅलर्जीची गोळी आणि कंपवात : जुने नाते

कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णाला शिंका सुरू झाल्या किंवा अंगाला खाज सुटली की घरातले कुणी तरी मेडिकलमधून अॅलर्जीची गोळी घेऊन येते. मग डॉक्टर म्हणतात, 'ही देऊ नका.' आणि कुठे तरी वाचनात येते की एके काळी हीच औषधे कंप थांबवायला देत असत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हा उपयोगी पडेल असे औषध नव्हते. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या कुळातल्या झाडांचा अर्क वापरू लागले. त्याने लाळ गळणे कमी होई, कंपही थोडा उतरे. का, हे तेव्हा कळलेले नव्हते. डोपामिन आणि अॅसिटिलकोलिन ही मज्जापेशींमधले निरोप पोचवणारी रसायने; मेंदूत डोपामिन कमी पडले की अॅसिटिलकोलिनचा जोर वाढतो आणि बेलाडोना नेमका तोच जोर अडवते, हा उलगडा फार नंतरचा.

1943 मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज रिव्हेशल यांनी अमेरिकेत डायफेनहायड्रामिन तयार केले. 1946 पासून ते 'बेनाड्रिल' नावाने मिळू लागले. औषध अॅलर्जीचे, पण ते अॅलर्जीची लक्षणे घडवणाऱ्या हिस्टामिनबरोबर अॅसिटिलकोलिनलाही अडवत होते. म्हणून कंपवातावर ते वापरून पाहिले गेले, आणि सौम्य कंपाला थोडा उतार पडलाही. पुढे कंपवातासाठी आलेल्या बेंझट्रोपिन या औषधाच्या रेणूत तर अर्धा भाग अॅट्रोपिनचा (बेलाडोनातल्या द्रव्याचा) आणि अर्धा डायफेनहायड्रामिनचा आहे. 1967 मध्ये डॉक्टर कोत्झियास यांनी शरीरात ज्याचे डोपामिन बनते त्या डोपाचे मोठे डोस देऊन गुण येतो हे दाखवले, त्यातून लेव्होडोपा हे औषध पुढे आले आणि ही सगळी औषधे मागे पडली.

त्यांचा दोष मात्र तेव्हापासून आजवर तोच आहे. अॅसिटिलकोलिन स्मरणशक्तीला लागते, आतडे हलायला लागते, लघवी मोकळी व्हायलाही लागते. कंपवातात बद्धकोष्ठ आधीच असते, चालताना तोल जातो, काहींना भास होतात. त्यात रात्री झोप यावी म्हणून डायफेनहायड्रामिन किंवा सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन दिले, तर सकाळी माणूस गोंधळलेला दिसतो आणि घरच्यांना वाटते आजारच वाढला. मला हीच चूक सर्वांत दुःखद वाटते, कारण ती टाळता येते.

चक्करेवर सर्रास दिले जाणारे सिनारिझिन त्याहून वेगळे आहे. तेही अँटिहिस्टामिनच (हिस्टामिनला अडवणारे), पण ते डोपामिनचा मार्गही अडवते. 1980 च्या दशकात स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सिनारिझिन आणि त्याच्याच जातीचे फ्लुनारिझिन घेणाऱ्या वृद्धांमध्ये औषधाने आलेला कंपवात नोंदवला. आपल्याकडे चक्कर आली की शेजारीही ही गोळी सुचवतात, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवे. प्रोमेथाझिन हे जुने अॅलर्जीचे औषधही याच कारणाने टाळलेले बरे.

नंतरच्या पिढीतली फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन मेंदूत फारशी शिरत नाहीत, अॅसिटिलकोलिनलाही जवळजवळ धक्का लावत नाहीत. म्हणून अॅलर्जीसाठी डॉक्टर बहुधा तीच सुचवतात. सेटिरिझिन त्याच पिढीतले, तरी काहींना त्याने गुंगी येते. नाकापुरताच त्रास असेल तर मिठाच्या पाण्याचा किंवा स्टेरॉइडचा स्प्रे पुरतो.

सर्दीच्या मिश्र गोळ्या आणि खोकल्याची सिरपे मात्र वेष्टनावरची नावे वाचल्याशिवाय घेऊ नयेत. रुग्णाला सेलेजिलिन किंवा रसाजिलिन ही कंपवाताची औषधे चालू असतील, तर खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन चालत नाही. दुकानात जाताना रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी आणि ती आधी दाखवावी.