पॉवर प्रेसखाली बोटे का सापडतात

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहन कारखान्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप आहेत आणि त्यांचे मुख्य यंत्र म्हणजे पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा साच्यात दाबून त्याला आकार देणारे यंत्र. बीड, जालना, परभणीकडच्या खेड्यांतून आलेली तरुण मुले येथे हेल्पर म्हणून लागतात आणि काही काळाने प्रेसवर बसतात. पत्र्याचा तुकडा हाताने डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, पंच, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येऊन वर गेला की तयार जॉब (सुटा भाग) काढून पुढचा तुकडा ठेवायचा, हेच काम शिफ्टभर चालते. या कामात एखाद्याचे बोट गेले की कारण म्हणून सर्रास लिहिले जाते ते ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. यंत्राची रचना नीट पाहिली, तर हे कारण टिकत नाही.

जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये फ्लायव्हील नावाचे जड चाक अखंड फिरत असते. पेडल दाबताच क्लचमधील एक खीळ फिरून फ्लायव्हील आणि पंच खाली-वर करणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, यांना एकत्र अडकवते, आणि एकदा ती अडकली की शाफ्टचा पूर्ण फेरा होऊन पंच पुन्हा वर येईपर्यंत सुटत नाही. या यंत्राला मध्येच थांबवण्याची सोयच नसते. मिनिटाला ६० स्ट्रोक देणारा प्रेस घेतला, तर पंच साधारण अर्ध्या सेकंदात खाली येतो. तिरका बसलेला तुकडा सरळ करायला गेलेला हात सुरक्षा अभियंत्यांच्या हिशेबात सेकंदाला १.६ मीटर वेगाने पुढे सरकतो, म्हणजे त्या अर्ध्या सेकंदात तो ८० सेंटिमीटर अंतर कापू शकतो. डोळ्यांना धोका दिसून स्नायूंना आज्ञा मिळेपर्यंतच सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. पाय आणि हात यांची लय शिफ्टमध्ये हजारो वेळा जुळली आणि एकदाच चुकली, तरी अपघात होतो. त्यातच क्लचची खीळ किंवा तिची स्प्रिंग झिजलेली असेल, तर पेडल न दाबताही पंच दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. त्या वेळी जॉब काढणारा हात डायमध्येच असतो आणि कितीही सावध माणूस तेथे काही करू शकत नाही.

यावरचे उपाय जुने आणि पूर्णपणे माहीत असलेले आहेत. डायभोवती अशी जाळी बसवायची की पत्रा आत जाईल, पण बोट जाणार नाही, हा त्यांतला सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पेडल काढून दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे बसवता येतात, मात्र वर सांगितलेल्या ६० स्ट्रोकच्या प्रेसवर ती डायपासून किमान ८० सेंटिमीटर दूर हवीत, नाहीतर बटण सोडलेला हात पंचाच्या आधी आत पोहोचतो. प्रकाशकिरणांचा पडदा, ज्याला शॉपवर नुसते ‘सेन्सर’ म्हणतात, हात आत येताच यंत्राला थांबण्याचा आदेश देतो. पण जो प्रेस मध्येच थांबूच शकत नाही, त्यावर हा पडदा लावून काहीही साधत नाही, हे खरेदी करणाऱ्यांनी लक्षात घेतले पाहिजे. त्यासाठी हवेच्या दाबावर चालणारा घर्षण क्लच आणि ब्रेक लागतो, आणि प्रेस ०.२ सेकंदात थांबत असेल, तरी पडदा डायपासून किमान ३२ सेंटिमीटर अलीकडे असावा लागतो.

यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्ये होती. वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कायदा लागू होई. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्याच्या व्याख्येतील हा आकडा २० वर नेला. एका शेडमध्ये चार प्रेस आणि बारा माणसे असतील, तर ती जागा या व्याख्येतून बाहेर पडते, आणि हा बदल मला अतिशय चिंताजनक वाटतो.

नुकसानभरपाईचा विचार मात्र भारतीय कायद्याने फार पूर्वी योग्य दिशेने केला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानुसार कामावर असताना कामामुळे इजा झाली, तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे, आणि हेच तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे. कामगाराने संरक्षक जाळी हेतुपुरस्सर काढली असेल, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व वगळता भरपाई नाकारता येते. म्हणून जाळी कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणते टार्गेट गाठण्यासाठी काढली, हे अपघातानंतर लगेच नोंदवून घेणे फार महत्त्वाचे ठरते.

कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाची टक्केवारी दिली आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे मानतात. तर्जनीसाठी हा आकडा १४ टक्के, मधल्या बोटासाठी १२ टक्के, अनामिका किंवा करंगळीसाठी ७ टक्के आहे. २५ वर्षांच्या कामगाराचा पगार २०२० मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेइतका धरला, तर त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले वयानुसार ठरलेला २१६.९१ हा गुणक, असा हिशेब होतो. त्याच्या १४ टक्के म्हणजे तर्जनीचे सुमारे २ लाख ७३ हजार रुपये आणि करंगळीचे त्याच्या निम्मे. पण मूठ घट्ट आवळण्याच्या ताकदीत अनामिका आणि करंगळी यांचा वाटा मोठा असतो. नोकरी सुटून गावी परतलेल्या तरुणाला विळा, खुरपे किंवा ऊसतोडीचा कोयता धरायचा असतो, तेव्हा ७ टक्क्यांचा हा आकडा त्याच्या हाताशी जुळत नाही.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या आणि ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, कक्षेतील कामगाराला ही एकरकमी भरपाई मिळत नाही. त्याला उपचार, कामावर जाता येत नाही तोवर मजुरीच्या ९० टक्के रक्कम, आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्या प्रमाणात आयुष्यभर मासिक रक्कम मिळते. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट गेले तरी हा हक्क लागू होतो. कंत्राटदाराने ईएसआय क्रमांकच काढला नव्हता, असे सांगून अनेकांना परत पाठवले जाते. पण वर्गणी न भरणे हा मालकाचा दोष आहे, आणि ही योजना चालवणारे महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.