डार्करूममधून वर्गात : अमेरिकेतील रेडिओग्राफरच्या दोन वर्षांच्या पदवीची पार्श्वभूमी

अमेरिकेत रेडिओग्राफर, म्हणजे क्ष-किरण प्रतिमा घेणारा तंत्रज्ञ, होण्याचा आज सर्वात रुळलेला मार्ग कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे घराजवळच्या कमी शुल्काच्या सार्वजनिक कॉलेजातून, जातो. दोन वर्षांची असोसिएट पदवी घ्यायची, त्याच काळात जवळच्या रुग्णालयांत प्रात्यक्षिक पूर्ण करायचे आणि मग ‘अमेरिकन रजिस्ट्री ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्स’ (थोडक्यात रजिस्ट्री) या तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची परीक्षा द्यायची. ही व्यवस्था इतकी घट्ट बसलेली दिसते की ती पहिल्यापासून अशीच असावी असे वाटते. प्रत्यक्षात परीक्षेला बसण्यासाठी पदवी हवीच, ही अट 1 जानेवारी 2015 पासूनची आहे. क्ष-किरणांचा शोध 1895 मधला. मधल्या एकशे वीस वर्षांत बराच काळ हे काम रुग्णालयांतच शिकवले गेले, आणि आजच्या अभ्यासक्रमातले अनेक नियम त्या जुन्या पद्धतीला दिलेले उत्तर आहेत.

सुरुवातीच्या काळात शिक्षण असे नव्हतेच. क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या विल्हेल्म राँटगेन यांनी पत्नीच्या हाताची प्रतिमा घेतल्यानंतर काही महिन्यांतच छायाचित्रकार, विजेची कामे करणारे आणि हौशी प्रयोगशील माणसे या कामात उतरली. त्याची किंमतही लवकरच कळली. थॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली किरणांच्या दुष्परिणामांनी 1904 मध्ये दगावले. सॅन फ्रान्सिस्कोत क्ष-किरणांची प्रयोगशाळा चालवणाऱ्या एलिझाबेथ फ्लाइशमन पुढच्याच वर्षी गेल्या. विल्यम कूलिज यांची 1913 मधली क्ष-किरण नळी आल्यावर किरणांची मात्रा नियंत्रणात ठेवता येऊ लागली आणि मग ‘कोणत्या अवयवाला किती’ हा प्रश्न शिकवण्याजोगा झाला. गंमत अशी की तो शिकवण्यात पुढाकार घेतला यंत्रे विकणाऱ्यांनी. शिकागोच्या व्हिक्टर कंपनीच्या शिक्षण विभागाचे प्रमुख एड जर्मन यांनी चांगल्या फिल्मचे गुण वेगळे काढून दाखवले : काळेपणाची घनता, उजेड-अंधारातला फरक, बारकावा आणि आकारातली विकृती. त्यांच्याच पुढाकाराने 1920 मध्ये शिकागोत मूठभर तंत्रज्ञांनी आपली संघटना स्थापन केली. दोन वर्षांनी रजिस्ट्री सुरू झाली आणि तिचे पहिले प्रमाणपत्र सिस्टर बिएट्रिस मेरिगन या कॅथलिक जोगिणीला मिळाले. या नोंदणीमागे क्ष-किरण डॉक्टरांच्या संघटना होत्या, हे लक्षात ठेवावे लागते. कारण पुढची कित्येक दशके तंत्रज्ञाने काय शिकावे हे डॉक्टरच ठरवत राहिले.

प्रशिक्षणशाळांसाठी किमान निकष अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1944 मध्ये ठरवले. या शाळा म्हणजे रुग्णालयाच्या तळघरातल्या क्ष-किरण विभागाला जोडलेली एखादी खोली. विद्यार्थी सकाळी कामावर येई, रुग्णाला टेबलावर झोपवून यंत्र लावी, मग डार्करूमच्या लाल उजेडात फिल्म पोलादी चौकटीत अडकवून आधी डेव्हलपरमध्ये, मग फिक्सरमध्ये, मग धुण्याच्या टाकीत घड्याळ बघून बुडवी. व्याख्यान असे ते काम आटोपल्यावर, डॉक्टरांना सवड मिळाली तर. शिकणारा माणूस रुग्णालयाला स्वस्त मनुष्यबळ म्हणून परवडत होता, हे उघड आहे. तरीही हात तयार होत, आणि हे श्रेय त्या पद्धतीला दिले पाहिजे. रुग्णालयाच्या प्रमाणपत्राला इतर शिक्षणसंस्थांत मात्र फारशी किंमत नसे. पुढे शिकायचे ठरवले तर दोन वर्षे शिकूनही श्रेयांक जवळजवळ शून्य.

कम्युनिटी कॉलेजे इथे कशी आली, हे पाहण्यासाठी थोडे बाजूला वळावे लागते. इलिनॉयमधल्या जोलिएट गावी 1901 मध्ये पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने घराजवळच्या, कमी शुल्काच्या कॉलेजांचे जाळे सुचवले. 1960 च्या दशकात अशी कॉलेजे सरासरीने जवळपास आठवड्याला एक या वेगाने उघडत होती. परिचारिकांचा प्रयोग याआधीच झाला होता : मिल्ड्रेड माँटॅग यांनी 1952 पासून कॉलेजात दोन वर्षांत परिचारिका घडवता येते हे दाखवून दिले होते. त्यात 1965 मध्ये मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना आली, वृद्धांच्या तपासण्यांची संख्या वाढली, आणि पुढच्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्याने वैद्यकीय सहायक व्यवसायांच्या शिक्षणाला निधी दिला. रुग्णालयांना शाळा चालवण्याचा खर्च नकोसा होत होता, कॉलेजांना नोकरी देणारे अभ्यासक्रम हवे होते, सौदा जुळला. 1969 मध्ये रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमांच्या मान्यतेसाठी संयुक्त समिती उभी राहिली.

कायद्याची बाजू मात्र विस्कळीतच राहिली. न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी 1960 च्या दशकात परवाना सक्तीचा केला. 1981 च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणाचे मानक सांगितले, पण ते पाळण्याची सक्ती राज्यांवर केली नाही. त्यामुळे काही राज्यांत परवान्याची अट आजही नाही, आणि खरा दरारा रजिस्ट्रीच्या प्रमाणपत्राचाच आहे. 2015 च्या अटीतही एक खुबी आहे : पदवी रेडिओग्राफीतलीच हवी असे नाही, कोणत्याही विषयातली चालते. म्हणूनच उरलेल्या रुग्णालयीन शाळा एखाद्या कॉलेजाशी करार करून टिकू शकल्या. पुण्या-मुंबईत पदविका घेऊन, वर्षानुवर्षे काम करून अमेरिकेत गेलेल्या तंत्रज्ञाला मात्र याचा उपयोग होत नाही. रजिस्ट्रीने मान्य केलेला व्यावसायिक अभ्यासक्रमही लागतो, आणि त्याला साधारणपणे पुन्हा पहिल्या सत्रापासून सुरुवात करावी लागते.

जुन्या पद्धतीची सावली सर्वात स्पष्ट दिसते ती या समितीच्या मान्यतेच्या नियमांत. वर्ग आणि प्रात्यक्षिक मिळून विद्यार्थ्याचे आठवड्याचे तास सामान्यतः 40 च्या वर जाऊ नयेत. विद्यार्थ्याला कर्मचाऱ्याच्या जागी वापरू नये. आणि प्रतिमा बिघडली तर ती पुन्हा घेताना पात्र रेडिओग्राफर तिथे हजर असलाच पाहिजे. समजा, विद्यार्थिनीने मनगटाची प्रतिमा घेतली, पण हात किंचित वळलेला राहिला. डार्करूमच्या दिवसांत ती शिशाचा उजव्या बाजूचा खुणेचा तुकडा पुन्हा ठेवून एकटीच दुसरी फिल्म घेऊन मोकळी झाली असती. आज ती थांबते, पर्यवेक्षकाला हाक मारते, आणि रुग्णाला दुसऱ्यांदा मिळणाऱ्या किरणांची जबाबदारी एका अनुभवी माणसावरही येते.

याच नियमांमुळे जागा मर्यादित राहतात. देखरेखीला जितके कर्मचारी, साधारण तितकेच विद्यार्थी. त्यामुळे कॉलेजच्या वर्गात बाके रिकामी असली तरी अर्जदार प्रतीक्षायादीत राहतात. अभ्यासक्रम कॉलेजाकडे गेला, पण प्रवेश किती जणांना द्यायचा हे अजूनही रुग्णालयाच्या एक्स-रे विभागातच ठरते.