पीसीवर तयार, पायवर चालणारा कर्नल

२०१२ मध्ये आलेल्या पहिल्या रास्पबेरी पाय (थोडक्यात ‘पाय’) या छोट्या संगणकात ७०० मेगाहर्ट्‌झचा एआरएम प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती. त्यावरच लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कंपाइल करायला (सोर्स कोडचं प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करायला) घेतला, तर तासन्‌तास वाट बघत बसावं लागे. चांगला पीसी हेच काम काही मिनिटांत उरकतो. म्हणून कर्नल पीसीवर तयार करायचा आणि पायवर नेऊन चालवायचा. याला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

सी भाषेतला बहुतेक सोर्स कोड दोन्हीकडे एकच असतो, प्रोसेसरच्या सूचना मात्र वेगळ्या. पीसीच्या एक्स८६ प्रोसेसरची सूचना १ ते १५ बाईट कितीही लांब असू शकते, तर ६४ बिट एआरएमची नेमकी ४ बाईटची. त्यामुळे एआरएमच्या सूचना लिहिणारा कंपायलर लागतो. कोणत्या आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या प्रकारासाठी) आणि कोणत्या कंपायलरनं, एवढं ‘मेक’ या कंपायलिंगची कामं करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला सांगितलं की काम सुरू होतं.

खरी गंमत पुढे आहे. कर्नल तयार होत असताना काही छोटे प्रोग्रॅम लागतात. पर्याय निवडायचा मेनू, मॉड्यूल (कर्नलला गरजेप्रमाणे जोडायचे सुटे भाग) तपासणारा ‘मॉडपोस्ट’ वगैरे. ते पीसीवरच चालायचे असतात, म्हणून पीसीच्या कंपायलरनं बनवावे लागतात. एकाच कामात दोन कंपायलर! यात गल्लत झाली की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ ठरलेला. लिनक्सवर तयार प्रोग्रॅम ईएलएफ या प्रकारच्या फाइलमध्ये असतो आणि अशा प्रत्येक फाइलच्या सुरुवातीलाच प्रोसेसरचा क्रमांक असतो: ६४ बिट एक्स८६ साठी ६२, ६४ बिट एआरएमसाठी १८३. परका क्रमांक दिसला की कर्नल ती फाइल चालवायचं नाकारतो.

तरीही माझ्या मते साध्या ॲपपेक्षा कर्नलच सोपा. ॲपला त्या आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, जमवाव्या लागतात. कर्नल सी लायब्ररीसुद्धा वापरत नाही.

१९९१ मध्ये लिनक्सची घोषणा करताना त्याचे निर्माते लिनस टोरवाल्ड्‌स यांनी तो पीसीचा ३८६ प्रोसेसर सोडून दुसरीकडे नेता येण्याजोगा नाही, असं स्वतःच लिहिलं होतं. १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे प्रोसेसरही आले. आर्किटेक्चरशी बांधलेला कोड ‘आर्च’ फोल्डरमध्ये वेगळा ठेवल्याचा हा फायदा.

एआरएम बोर्डांवरची पुष्कळशी उपकरणं पीसीत बसवायच्या पीसीआय कार्डासारखी स्वतःची ओळख सांगत नाहीत. कोणतं उपकरण कोणत्या पत्त्यावर, हे ‘डिव्हाइस ट्री’ फाइलमध्ये लिहून कर्नलला द्यावं लागतं. ती फाइल आणि मॉड्यूलही पायच्या मेमरी कार्डावर न्यायचे असतात. मॉड्यूल बसवताना कार्डाचा मार्ग द्यायला विसरलात, तर ते पीसीच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतात. पाय कदाचित सुरू होईल, पण वायफायचा पत्ता नसेल.